वय विचारत नाहीत, सीसी विचारतात

"ताई, माझं वय एकवीस आहे म्हणून इन्शुरन्स एवढा लावलाय का?"

हा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नसे. हल्ली कॉलेजची पोरं सर्रास विचारतात. कुठून आला ते मला कळायला थोडा वेळ लागला. ही पोरं यूट्यूबवर लंडनचे नाहीतर कॅलिफोर्नियाचे बाइकवाले बघतात. तिथला एखादा एकोणीस वर्षांचा गोरा पोरगा कॅमेऱ्यासमोर डोक्याला हात लावून विम्याचा आकडा सांगतो आणि आमच्या कराडच्या पोराला वाटतं, आपल्यालाही त्याच कारणानं जास्त लागतंय.

तर आधी सरळ उत्तर देते. नाही. आपल्याकडे मोटारसायकलच्या विम्याचा हप्ता ठरवताना चालवणाऱ्याचं वय धरत नाहीत. फॉर्मवर जन्मतारीख असते, पण ती ओळखपत्रासाठी आणि अपघात संरक्षणाच्या नोंदीसाठी. एकाच शोरूममधून, एकाच दिवशी, एकच गाडी एकोणीस वर्षांच्या नातवानं घेतली आणि पासष्ट वर्षांच्या आजोबांनी घेतली, तरी थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता पैशापैशानं सारखा येतो. मग आजोबा सोसायटीच्या दूध डेअरीपुढे कधी जाणार नाहीत आणि नातू पहिल्याच रविवारी कोयनानगर गाठणार, हे सगळ्या गावाला माहीत असलं तरी!

मी आधी एका दुचाकी शोरूममध्ये कागदपत्रांच्या काउंटरला होते. पासिंग, इन्शुरन्स, फायनान्सच्या फाइली, सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. आता मलकापुरात घरूनच विम्याची कामं करते. एमएच-50 ची नंबरप्लेट लागण्याआधी त्या गाडीचा कागद माझ्या हाताखालून गेला, अशी पोरं आज बापही झालीत. त्यामुळे हा विषय मला तोंडपाठ आहे, आणि पोरांना महाग वाटतं ते खोटं नाही हेही मला ठाऊक आहे. महाग आहेच. फक्त त्याचं कारण ते समजतात ते नाही.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला शिकायला गेला. कामावर जायला म्हणून त्यानं जुनी सव्वाशे सीसीची गाडी घेतली. तिथं सव्वाशेची गाडी चालवायला एक दिवसाचं प्राथमिक प्रशिक्षण आणि पुढे-मागे लाल अक्षरातली 'एल' पाटी पुरते, मोठी गाडी मात्र वयाच्या पायऱ्या चढत मिळते. मधल्या ताकदीच्या गाडीचं लायसन 19 व्या वर्षी, आणि कुठलीही बंधनं नसलेलं, थेट परीक्षा देऊन, 24 व्या वर्षी. विमा काढताना कंपनीनं त्याला काय काय विचारावं? जन्मतारीख, पोस्टाचा कोड, व्यवसाय, गाडी रात्री कुठे लावतोस, कुलूप कसलं आहे, आधी किती वर्षं क्लेम न करता चालवलीस. गाडीला जेवढे पौंड मोजले, त्याच्या जवळपास जातील एवढे वर्षाच्या विम्याला गेले. वरून तो मला फोनवर म्हणतो, "मावशी, पप्पांच्या नावावर घेतली असती तर?" मी म्हटलं, "तुझे पप्पा सांगलीत, गाडी लेस्टरात, आणि तसं करणं तिथं फसवणुकीत धरतात. गप भर."

तिकडे बाजार वयाला किंमत लावतो. इथं थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामकाशी सल्लामसलत करून अधिसूचना काढतं, आणि त्या तक्त्यात दुचाकीपुढे एकच रकाना असतो: इंजिनाची क्षमता. सीसी. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात 75 सीसीपर्यंत वर्षाला 538 रुपये, 75 ते 150 पर्यंत 714, 150 ते 350 पर्यंत 1,366 आणि 350 च्या वर 2,804. विजेच्या गाड्यांना सीसी नसते, म्हणून त्यांचा तक्ता किलोवॅटवर, आणि थोडा स्वस्त.

आता हा तक्ता नीट बघा. स्प्लेंडर 97 सीसी, शाइन 124 सीसी, जुनी पल्सर 150 प्रत्यक्षात 149.5 सीसी. हे सगळे 714 वाले. आणि आमच्या पोरांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर काय असतं? आर-वन-फाइव्ह, 155 सीसी. अपाचे वन-सिक्स्टी, 159.7. एनएस टू हंड्रेड, ड्यूक टू हंड्रेड. क्लासिक थ्री-फिफ्टी, 349. हे सगळे 1,366 वाले. एफझी 149 सीसीची आणि आर-वन-फाइव्ह 155 ची, दोन्ही यामाहाच्याच. सहा सीसीचा फरक, पण विम्याचा रकाना बदलला आणि हप्ता जवळपास दुप्पट झाला.

म्हणजे वय विचारत नाहीत हे खरं, पण वय काय ते सीसीवरून त्यांना बरोबर कळतं. 2022 च्या आधीचा तक्ता काढून बघितला की हे आणखी स्पष्ट दिसतं. 75 ते 150 चा दर तेव्हा 752 होता, तो कमी होऊन 714 झाला. 150 ते 350 चा 1,193 होता, तो वाढून 1,366 झाला. 350 च्या वरचा 2,323 वरून 2,804 वर गेला. कामावर जाणाऱ्या माणसाच्या गाडीला सूट आणि तरुणाच्या गाडीला वाढ. अधिसूचनेत तरुण हा शब्द कुठेही नाही, पण पैसे कुणाच्या खिशातून निघाले ते माझ्या टेबलावर रोज दिसतं.

हे अन्यायाचं आहे का? मला तसं वाटत नाही. देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली साधारण 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. मेलेल्यांतली दोन तृतीयांश माणसं 18 ते 45 वयातली. वेगवान गाडी आणि कोवळा हात ही जोडी कंपनीला महागात पडते हे नाकारून चालणार नाही. पण इंग्लंडसारखं सरळ वय लावलं असतं, तर पाटण तालुक्यातल्या ज्या वस्तीवर दिवसातून दोनदा एसटी येते, तिथल्या पोराला कॉलेजला जायला साधी शंभर सीसीची गाडीही परवडली नसती. सीसीच्या तक्त्यात त्याला पळवाट आहे: छोटी गाडी घे, छोटा हप्ता भर. ही पळवाट मला पटते.

पटत नाही ती पुढची गोष्ट.

वर दिले ते वार्षिक दर. नवीन गाडी घेताना मात्र वर्षाचा थर्ड पार्टी विमा मिळतच नाही. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये तसा आदेश दिला. कारण अगदी खरं होतं. लोक पहिल्या वर्षी विमा काढायचे आणि पुन्हा त्याकडे बघायचेही नाहीत. रस्त्यावरची निम्म्याहून अधिक वाहनं विम्याशिवाय पळतात आणि त्यांत दुचाक्या सगळ्यात जास्त, हे विमा क्षेत्रातले लोकच सांगतात. धडक बसून मेलेल्याच्या बायकोला मग भरपाई कुणाकडून मागायची? म्हणून पाच वर्षांचे पैसे आधीच घ्या, असं ठरलं.

पण त्याचा भार बघा. पाच वर्षांचा दर 75 ते 150 सीसीला 3,851. 150 ते 350 ला 7,365. 350 च्या वर 15,117. प्रत्येकावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे अनुक्रमे 4,544, 8,691 आणि 17,838 रुपये, गाडी शोरूमबाहेर निघण्याआधी. आणि हा फक्त थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, स्वतःच्या जिवाचा विमा वेगळा.

बापानं डाउन पेमेंटची रक्कम उसाच्या बिलातून बाजूला काढलेली असते. ऑन रोडचा आकडा ऐकला की आधी त्याचा चेहरा उतरतो, मग पोराचा. मग शोरूमवाला म्हणतो, "काळजी करू नका, इन्शुरन्स लोनमध्येच बसवू." बसवतात. पाच वर्षांच्या विम्यावर तीन वर्षं व्याज भरलं जातं. न्यायालयाचा हेतू साधायला हीच रक्कम वर्षाला एक असे हप्ते पाडून, फास्टॅगसारखी खात्यातून आपोआप कापता आली असती. गाडीचा हप्ता तसा कापतातच की! पण गरिबाला सवलत द्यायची वेळ आली की यंत्रणेला सगळं अवघड होतं.

"पण थर्ड पार्टीला एवढे पैसे का? समोरच्याचं नुकसान ना, माझं थोडीच?" हाही नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर मी तोंडी देत नाही, कागदावर आकडेमोड करून दाखवते. समजा तुमच्या गाडीखाली एक पंचवीस वर्षांचा अविवाहित पोरगा गेला. गॅरेजमध्ये महिना वीस हजार कमवत होता. वर्षाचे झाले 2,40,000. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के वाढवायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली पक्कं केलंय. झाले 3,36,000. अविवाहित म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा. उरले 1,68,000. याला गुणक लावायचा, पंचवीस वर्षांच्या माणसाला तो 18 आहे, 2009 च्या निकालानुसार. उत्तर 30,24,000. वर अंत्यविधी आणि इतर किरकोळ रकमा वेगळ्या. मृत्यू आणि जखमांच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नाही, हे तीस लाख कंपनी भरते. विमा नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण गाडीच्या मालकाला भरायला लावतं. मालक कोण? बहुतेक वेळा बाप. बापाच्या नावावर काय? रान.

ही आकडेमोड झाली की खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग बाप म्हणतो, "थर्ड पार्टी ऱ्हाऊंद्या. बाकीचं कमी करा."

आणि इथं माझं खरं काम सुरू होतं, कारण बाकीचं खरोखरच कमी होतं. थर्ड पार्टीच्या आकड्यात घासाघीस होत नाही, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच दर. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला आमच्यात ओडी म्हणतात, त्याचा भाव 2007 पासून खुला आहे. जुन्या तक्त्याचे मूळ दर अजून हिशेबाला वापरतात. मुंबई-पुण्यासारख्या आठ शहरांचा झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. कराड बी मध्ये, म्हणून आपल्याला किंचित स्वस्त. 150 ते 350 सीसीच्या नव्या गाडीला झोन बी मध्ये मूळ दर गाडीच्या विमा किमतीच्या 1.76 टक्के. यावर कंपन्या आपापल्या मर्जीनं सूट देतात, आणि ती सूट गिऱ्हाइकापर्यंत पोचते की मधेच जिरते, यावर तुमचं सगळं अवलंबून.

2024 च्या पाडव्याचं एक कोटेशन मी जपून ठेवलंय. ओगलेवाडीचा पोरगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, 155 सीसीची गाडी. शोरूमच्या कागदावर इन्शुरन्स 14,302. मी फोड मागायला लावली. थर्ड पार्टी 7,365, ते बरोबरच. ओडी 2,816, म्हणजे 1,60,000 वर पूर्ण 1.76 टक्के, सूट शून्य. झिरो डेप, म्हणजे मोडलेल्या भागाचे पैसे घसारा न कापता मिळायची सोय, 640. अपघात संरक्षण 375. आणि रस्त्यावर मदत, इंजिन संरक्षण, ऑइल-नटबोल्ट असले जोड मिळून 924. त्यावर जीएसटी. आम्ही ओडीवर 60 टक्के सूट असलेली पॉलिसी काढली, झिरो डेप ठेवलं, अपघात संरक्षण ठेवलं, बाकीचे जोड उडवले. जीएसटी धरून 11,218 झाले. तीन हजारांहून जास्त वाचले. त्यात त्यानं चांगलं हेल्मेट घेतलं, हे मला त्याच्या आईनं सांगितलं.

शोरूमवाला तेव्हा म्हणालाच, "बाहेरून पॉलिसी काढली तर क्लेमच्या वेळी आमच्याकडे कॅशलेस होणार नाही." हे वाक्य मी स्वतः काउंटरवर बसून रोज ऐकायची. कॅशलेस हे शोरूमवर नाही, ती कंपनी आणि ते वर्कशॉप यांचा करार आहे की नाही यावर ठरतं, आणि ते कंपनीच्या यादीत पाच मिनिटांत बघता येतं. डीलरनं स्वतःचीच पॉलिसी घ्यायची सक्ती करायची नाही, असं विमा नियामकानं 2017 सालीच डीलरांसाठीच्या नियमांत घातलंय. वाद घालू नका. "बाहेरून आणतो" एवढंच म्हणा. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी तिथलंच कोटेशन खाली येतं. आलं तर तिथंच घ्या, माझा आग्रह नाही. थर्ड पार्टीवर मला जे मिळतं त्यात चहाच भागतो.

झिरो डेप ठेवा असं मी तरुणांना का सांगते? कारण पडणं ठरलेलं आहे. सडावाघापूरचा उलटा धबधबा, कुंभार्ली घाट, पावसाळ्यातला शेवाळलेला रस्ता, आणि गाळपाच्या दिवसांत रात्री मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. मोटारसायकल आडवी झाली की तुटतं काय? हेडलाइटचा बाउल, फेअरिंग, इंडिकेटर, मडगार्ड. सगळं प्लास्टिक. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर कंपनी निम्मेच पैसे देते, गाडी कालच घेतली असली तरी. फायबरवर 30 टक्के कापते. ज्या गाड्यांना अंगभर फेअरिंग असतं, त्या पोरांच्या लाडक्या गाड्यांना झिरो डेप नसलं तर पहिल्याच पडण्यात त्याच्या हप्त्याच्या कितीतरी पट पैसे खिशातून जातात. स्प्लेंडरला मी हे सांगत नाही. तिच्यात तुटण्यासारखं आहेच काय!

आता बापाच्या नावाचा विषय. पोराला पगार नाही, म्हणून कर्ज बापाच्या नावावर, म्हणून आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बापाच्या नावावर. काहींना वाटतं यानं इन्शुरन्स स्वस्त पडतो. एक रुपयानंही पडत नाही. उलट एक मोठं भोक राहतं. पॉलिसीबरोबर जे पंधरा लाखांचं अपघात संरक्षण सक्तीचं असतं (2018 साली वाढवण्याआधी दुचाकीला ते फक्त एक लाख होतं), ते मालक-चालकाचं असतं. आरसीवर ज्याचं नाव, आणि ज्याच्याकडे चालू लायसन, त्याचं. गाडी चालवतो पोरगा, संरक्षण बापाचं. पोराला काही झालं तर कंपनीचा पहिला प्रश्न असतो, आरसी कुणाच्या नावावर? मग पोरगा गेल्याच्या दुःखात त्या घरानं वकिलाकडे खेटे घालायचे. म्हणून मी सांगते, कर्जात बाप जामीनदार किंवा सहकर्जदार होऊ शकत असेल तर आरसी चालवणाऱ्याच्या नावावर करा. ते जमत नसेल तर पोराच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. तेही होत नसेल तर निदान बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला वीस रुपये, दोन लाखांचं संरक्षण, वय 18 ते 70. वीस रुपयांत कराड स्टँडवर वडापाव येतो, तेवढ्यात हे होतं, आणि तरी अर्ध्या पोरांच्या खात्याला ते जोडलेलं नसतं.

अठरा पूर्ण नसतील तर मात्र माझ्याकडे येऊच नका. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन फक्त 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तसल्या पेट्रोलच्या गाड्या आता बाजारात दिसतच नाहीत. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना अपघात केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देईलही, पण ते मालकाकडून वसूल करायला पुन्हा दारात येईल.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती दुसऱ्या वर्षी. "ताई, माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे की!" आहे, पण थर्ड पार्टीचा. ओडी एकाच वर्षाचा होता, तो संपला. शोरूममधून फोन येतो, पोरगा म्हणतो फसवताहेत, आणि कट करतो. 90 दिवस उलटले की वर्षभर क्लेम न केल्याबद्दल मिळणारी 20 टक्क्यांची सूट गेली. ही सूट पाचव्या वर्षापर्यंत 50 टक्क्यांवर जाते, आणि ती गाडीची नसून माणसाची असते, म्हणजे पुढची गाडी घेतली तरी बरोबर येते. तरुणाला दरवर्षी विमा स्वस्त करत नेायचा आपल्याकडे असलेला सरळ रस्ता हाच, आणि तो बहुतेक पोरं पंधरा महिन्यांत घालवून बसतात.

सूट गेली ते एक वेळ सोडा. ओडी संपला की हातात नुसता थर्ड पार्टी उरतो, आणि नुसत्या थर्ड पार्टीत मागे बसलेला माणूस धरलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली तिलक सिंग यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. फुल इन्शुरन्समध्ये, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असले तर, मागचा माणूस येतो, हे नियामकानं 2009 मध्ये कंपन्यांना लिहून कळवलं. म्हणजे दुसऱ्या वर्षी हजार-बाराशे वाचवणारा पोरगा जेव्हा मित्राला मागे बसवून पाटणकडे निघतो, तेव्हा समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी त्याच्याकडे अमर्याद संरक्षण असतं आणि जिवलग मित्रासाठी शून्य. हे मी ज्याला ज्याला सांगितलंय, त्यानं ओडी भरलाय. कुणाला स्वतःच्या हेडलाइटची भीती दाखवून पटत नाही, मित्राचं नाव काढलं की पटतं. पोरं चांगली असतात.

पुण्याला गेलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. कॉलेज करता करता संध्याकाळी जेवणाची पार्सलं पोचवत असाल किंवा ॲपवर सवाऱ्या घेत असाल, तर घरगुती पॉलिसीवर तो वापर बसत नाही. भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर चालणार नाही, असं पॉलिसीत छापलेलं असतं. नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्व्हेअर अपघाताची वेळ, जागा आणि गाडीवरची पेटी बघून विचारतो, आणि ओडीचा क्लेम तिथंच अडकतो. ज्या कंपनीसाठी काम करता ती स्वतःचा काही अपघात विमा देते का, आणि तो ॲप चालू असतानाच लागू आहे की घरी परतताना पण, हे आधी वाचून घ्या.

दंडाचं गणित मांडणारेही भेटतात. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा 2,000, पुन्हा पकडलं तर 4,000. मग 8,691 कशाला भरू, असा हिशेब. त्यांना मी वरचा तीस लाखांचा कागद पुन्हा काढून दाखवते.

आणि ज्यांना खरंच परवडत नाही, त्यांनी सेकंडहँड बघावी. पाच वर्षांची सक्ती फक्त नव्या गाडीला आहे. पाच वर्षं पूर्ण झालेली दोनशे सीसीची गाडी घेतली तर थर्ड पार्टी एका वर्षाचा, 1,366 अधिक जीएसटी, म्हणजे 1,612 रुपये. त्याहून नवी असेल तर उरलेल्या वर्षांचा थर्ड पार्टी गाडीबरोबर येतो, फक्त 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं. विकणाऱ्याची क्लेम न केल्याची सूट तुम्हाला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते, तेवढं धरून चाला. एक वर्ष तिच्यावर हात बसवा, सूट जमवा, मग स्वप्नातली घ्या. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आलाय आणि त्यावरच्या गाड्यांचा 40 झालाय, त्यामुळे 350 ची रेघ ओलांडायची असेल तर तिथं दोन्हीकडून मार बसतो. गाडीच्या विम्यावरचा जीएसटी मात्र 18 चा 18 च राहिला.

दसरा-पाडव्याच्या आदल्या रात्री कोटेशन पाठवू नका, तेव्हा काही करता येत नाही, कंपन्यांची संकेतस्थळंही रडकुंडीला आलेली असतात. बुकिंगचे पैसे भरण्याआधी इन्शुरन्सची फोड कागदावर मागा, तिचा स्वच्छ फोटो काढा आणि सीसीचा आकडा दिसेल असा पाठवा. नुसतं "ताई किती होईल" असं लिहिलं तर मी उत्तर देत नाही.